पाळण्यावरची छत्री

इचलकरंजीत आमच्या गल्लीत सुखानं झोपणारी बाई एकच, ती म्हणजे मी. खाली शेडमध्ये यंत्रमाग दिवसरात्र खडखडतात आणि त्यांच्या डोक्यावर आमचं घर. मुक्कामाला आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हसून घेतो, दुसऱ्या दिवशी कपाळाला बाम लावतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला गावाकडचं महत्त्वाचं काम आठवतं. मला मागांचा त्रास नाही. चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. ताप गेला तो कान घेऊनच गेला. कानातल्या शंखाचं पार हाड झालं, त्यामुळं हल्ली सर्रास बसवतात ते यंत्र बसवायलाही आत जागा उरली नाही. माग चालू आहेत की बंद, हे मला फरशीवर पाय ठेवला की कळतं.

मी ओठ वाचते. लोकांना ही जादू वाटते. जादू वगैरे काही नाही, डोळे फुटेस्तोवर केलेली मेहनत आहे. जाड मिशांवाले, तोंडात पान धरून बोलणारे आणि बोलताना मोबाइलकडं बघणारे हे माझे खास वैरी. धैर्यशील मला बघायला आला तेव्हा चहाचा घोट घेऊन आपल्या आईच्या कानाशी लागला, "साखर लई पडलीय." मी लगेच म्हणाले, "दुसरा करून आणते." बिचाऱ्याचे कान लाल झाले. ही शेडमध्ये वाढलेली माणसं. खडखडाटात एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची त्यांना सवय. अशा घरात केतकीचं निभेल असं माझ्या आईला वाटलं, आणि निभलंही.

माझा आवाज मात्र कुठंच निभत नाही. मी स्वतः तो विसरून गेले आहे, पण तो कसा असेल ते मला ऐकणाऱ्याच्या तोंडावर दिसतं. दुकानदार आधी दचकतो, मग दयाळू होतो, मग माझ्याऐवजी माझ्या शेजारच्या बाईशी बोलायला लागतो. म्हणून चारचौघांत मी तोंड उघडत नाही. माणसांनी भरलेल्या घरातही मी बरीचशी एकटीच असते, आणि ही तक्रार कुणाकडं करायची तर ती करायलाही आवाजच लागतो.

मग नीरजा झाली. दवाखान्यातच डॉक्टर तहसीन मुजावर तिला तपासायला आल्या. लहान बाळांच्या कानांच्या त्या डॉक्टर. माझ्याकडं तोंड करून, शब्द न चावता बोलणाऱ्या, त्यामुळं मला पहिल्याच भेटीत आवडलेल्या. त्यांनी झोपलेल्या नीरजाला एक मऊ कुंची घातली. दिसायला आपल्या घरच्या कुंचीसारखीच, पण आतून बारीक जाळी असलेली. मेंदूत विजेची जी चुळबुळ चालते ती ही जाळी टिपते आणि पडद्यावर तिची रेघ उमटते.

"आता मी हिला 'बा, बा, बा' ऐकवते," मॅडम म्हणाल्या. "मध्येच एकदा 'दा' ऐकवीन. रेघेकडं बघा."

रेघ मंद चालली होती. मग ती फुगली, आळसावलेल्या मांजरासारखी वर उठली आणि खाली बसली.

"हा तो 'दा'. झोपेतसुद्धा मेंदूनं ओळखलं, हे काहीतरी वेगळं आलं. आत्ता ही लाट अशी ढगळ आणि वर जाणारी आहे. महिने जातील तशी ती टोकदार होईल, लवकर उमटेल, आणि गंमत म्हणजे उलटी होईल. वर जायची ती खाली जाईल. मेंदू पिकत चालल्याची ती खूण."

मी पडद्याला नाक लावून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला आवाज दिसत होता.

"आता तुम्ही बोला तिच्याशी."

मी आजूबाजूला पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "नीरू, मी आई." आणि रेघेनं अशी काही उसळी घेतली की मॅडमच हसल्या. "ओळखलं! पोटात होती तेव्हा तुमच्या हाडांतून ऐकत आलीय हा आवाज. बाळाला आवाज चांगला-वाईट कळत नसतो, आपला आणि परका एवढंच कळतं." मी त्या दिवशी रडले. माझा आवाज ऐकून न दचकलेलं ते जगातलं पहिलं माणूस होतं.

छत्री आली ती मागांमुळं. तिचं खरं नाव श्रवणछत्र, पण गावानं त्याची लगेच छत्री केली. पाळण्यावर अर्धगोल झाकण, त्यात बारीक माइक आणि बारीक स्पीकर. मुजावर मॅडमनी मला त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. सहा महिन्यांच्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले दोन जवळजवळचे आवाज वेगळे ओळखता येतात, तुम्हाआम्हाला येत नाहीत तेसुद्धा. पण वर्षाच्या आत मेंदू हिशेबी होतो. घरात जे कानावर पडतं त्याच्या वाटा रुंद करतो आणि जे पडत नाही त्या वाटा बुजवून टाकतो. ज्या घरात सदा खडखडाटच पडतो, तिथल्या बाळाला वाटा रुंद करायला काही मिळतच नाही. त्याची लाट ढगळच राहते आणि पुढं बोलणं रखडतं. छत्री बाहेरच्या गोंगाटाचा नेमका उलटा आवाज काढते. सुलटा आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात आणि आत शांतता होते. त्या शांततेत घरच्यांचे आवाज तेवढे ती आत सोडते. घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे तिला आधी शिकवावं लागतं.

ते शिकवायचं बारशाला. बारशाला घरात बाया जमतात, पाळणे म्हणतात, आयते सगळे आवाज मिळतात, म्हणून छत्र्या वाटणाऱ्या योजनेच्या लोकांनी ती पद्धतच पाडली होती. आमच्याकडंही योजनेची एक ताई छत्री घेऊन आली. माग तेवढ्यापुरते बंद ठेवले होते. वन्संनी, म्हणजे धैर्यशीलच्या बहिणीनं, नीरजाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि तेच छत्रीच्या माइकलाही सांगितलं. बायांनी ओळीनं पाळणे म्हटले. सासूबाई म्हणाल्या, धैर्यशील म्हणाला. त्याला गाता येत नाही, त्यानं नुसतीच 'नीरू बाळ, नीरू बाळ' अशी टकळी लावली. मग ताई माइक घेऊन माझ्याकडं वळली. सासूबाईंनी तिचा हात हळूच धरला.

"तिला नको. चारचौघांत अवघडल्यागत हुतंय तिला."

हे मी त्यांच्या ओठांवर वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याकडं बघून हसले. खरंच सांगते, त्या घरात माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कुणी केली नव्हती. ताईही हसली आणि पुढं गेली. आईचा आवाज त्या यंत्रात आधीपासून असेलच, असं तिनं धरलं असावं. आम्ही तर ते धरलंच होतं. आईचा आवाज कुणी विसरतं का?

दुपारी सासूबाई खाली शेडमध्ये असत. तेवढा वेळ माझा. मी पाळण्याशी बसायची, छत्रीखाली वाकायची आणि नीरजाशी बोलायची. माझ्या लेखी बोलणं म्हणजे समोरासमोर तोंड. पाजताना किंवा खांद्यावर घेतल्यावर तिला माझं तोंड दिसत नसे, म्हणून तेव्हा मी गप्प असायची. पाळण्यात मात्र ती माझ्याकडं टक लावून पाहायची. मी तिला सगळं सांगितलं. वांग्याच्या भावापासून शाळेतल्या माझ्या मैत्रिणीपर्यंत, जी खाणाखुणांत इतकी वाईट चेष्टा करायची की बाई आम्हाला वर्गाबाहेर काढत. आयुष्यभर तोंडात अडवून ठेवलेलं बोलणं मी त्या पोरीवर ओतलं. ती माझ्या ओठांकडं बघत राही, स्वतःचे ओठ हलवी, हसे. मला कुणी विचारलं असतं की सुख म्हणजे काय, तर मी त्याला दुपारी यायला सांगितलं असतं.

नवव्या महिन्यात पुन्हा कुंचीची तपासणी झाली. सगळं उत्तम. 'दा' आल्यावर लाट कशी टोकदार, कशी वेळेवर, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तशी उलटी होऊन खाली गेलेली. सासूबाईंचा आवाज लावला, लाट. धैर्यशीलचा, लाट. मग मला बोलायला सांगितलं. मी बोलले. रेघ नुसती थरथरली, रस्त्यावरून टेम्पो गेल्यावर भांडी थरथरतात तेवढीच.

मॅडमनी पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा तेच.

"घरी बोलता ना हिच्याशी?"

मला राग आला. "रोज बोलते. दुपारभर बोलते."

"मी जेवायला वर येतो तवा ऐकतो की," धैर्यशील म्हणाला. "तासन् तास चाललेलं असतं दोघींचं."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. माझा आवाजच तसा. पोरीला पोटात असताना निवड नव्हती. आता तिच्यापुढं चांगले आवाज आले आणि तिनं त्यातून निवडले. दुकानदार करतात तेच माझ्या लेकीनं केलं.

मॅडमना ते पटत नव्हतं. दोन दिवसांनी त्या आमच्या घरी आल्या. नीरजा माझ्या कडेवर होती. त्यांनी पाळणा बघितला, छत्री बघितली, मला म्हणाल्या, "रोज जशा बोलता तशा बोला." मी रिकाम्या पाळण्याशी बोलायला लागले. मॅडमनी चष्मा काढला आणि चक्क आपलं डोकं छत्रीखाली घातलं. शिकलेली, साडी नेसलेली, पन्नाशीची बाई, अर्धी आमच्या पाळण्यात. धैर्यशीलला हसू आवरेना.

त्या बाहेर आल्या. "बोला ना."

"बोलतेच आहे."

त्या पुन्हा आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. चेहरा उतरला होता. त्यांनी धैर्यशीलला खूण केली आणि मग त्यानं डोकं आत घातलं. बाहेर आला तेव्हा तो हसत नव्हता. मग सासूबाई गुडघे धरत वाकल्या. एकेकजण आत जात होता आणि मी आपली बोलत होते, काय बोलत होते तेही मला आठवत नाही. बाहेर येणाऱ्या तोंडांकडं बघत होते फक्त.

"केतकी," मॅडम माझ्यासमोर बसल्या आणि नेहमीपेक्षाही सावकाश बोलल्या. "छत्रीला तुमचा आवाज कुणी शिकवलेलाच नाही. तिनं तो मागांच्या खडखडाटात धरला. बाहेर उभ्या असलेल्यांना तुमचं बोलणं ऐकू येतं. आत काही येत नाही."

दुसरी कुठलीही आई पहिल्याच दिवशी ओळखती. छत्रीखाली वाकली असती आणि आपलाच आवाज विरून गेल्याचं तिच्या कानांना जाणवलं असतं. जगात ज्या आईला हे कळणं शक्यच नव्हतं, तीच नेमकी रोज त्या झाकणाखाली वाकत होती.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. "मीच नको म्हटलो ताईला," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच पुरुषासारखं बोलतात. "माझ्यामुळं झालं गं." मी त्यांना समजावलं. रागवायचं तरी कुणावर, मायेवर?

माझा आवाज नोंदवायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आता सगळं मार्गी लागेल असं मला वाटलं होतं. मी नीरजाला पाळण्यात ठेवलं, वाकले आणि म्हणाले, "नीरू, मी आई."

ती दचकली. अगदी दुकानदारासारखी. डोळे विस्फारले, खालचा ओठ बाहेर आला, आणि ती अशी रडली की सासूबाई जिना चढून धावत आल्या. त्यांनी तिला उचललं, काहीतरी म्हणाल्या, आणि ती लगेच त्यांच्या मानेत तोंड खुपसून शांत झाली. मी तिथंच उभी होते. मला त्या घरात इतकं परकं कधीच वाटलं नव्हतं, लग्न होऊन आले त्या दिवशीही नाही.

मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. ओळखीच्या आवाजाची वाट अजून पुरती बुजलेली नव्हती, पण बुजत आली होती. वर्षाच्या आसपास ती बंद होईल. "तुम्ही बोलत राहा. आणखी एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगायला बांधील आहे, करायला लावायला नाही." छत्री बनवणाऱ्या कंपनीकडं सुधारित आवाज मिळत असे. माझा आवाज त्यांना द्यायचा. मला चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला नसता तर आज माझा आवाज कसा असता, याचा हिशेब त्यांचं यंत्र करतं आणि त्या आवाजात माझं बोलणं त्याच क्षणी छत्रीखाली पोचवतं. ओठ माझे, शब्द माझे, आवाज नीटनेटका. बाळ तो चटकन स्वीकारतं, आणि बोलायलाही स्पष्ट शिकतं.

नमुना धैर्यशीलच्या मोबाइलवर आला. तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून ऐकत होता. मी भाकरी थापत होते आणि त्याच्याकडं बघत होते. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. मग त्याचा चेहरा असा काही मऊ झाला की मी हातातली भाकरी तशीच ठेवली. मी बोलते तेव्हा तो माझ्याकडं प्रेमानं बघतो, नाही असं नाही, पण त्यात नेहमी थोडी काळजी असते, सांभाळून घेणं असतं. आत्ता त्यात तसलं काही नव्हतं. त्यानं नमुना पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"कसा आहे?" मी विचारलं.

तो भानावर आला. "तुझाच हाय."

"मग एवढं काय ऐकतोस?"

"तसं न्हवं..." तो म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

मी मोबाइल हातात घेतला, स्पीकरवर तळवा ठेवला. पिठाच्या हाताला गुदगुल्या झाल्या. मी झाले असते ती बाई माझ्या हातात बोलत होती, माझ्या नवऱ्याला ती आवडली होती, आणि मला तिचा एक शब्दही कळत नव्हता.

"नको," मी म्हणाले.

"केतकी, पोरीच्या बोलण्याचा प्रश्न हाय."

"ती तुमचं ऐकून बोलायला शिकेलच. माझ्या आवाजानं तिला बोलायला शिकवू नकोस. पण आई म्हणून तिला कोण कळणार? ती बाई? ती घरात कुठं आहे? नीरू मोठी होईल, छत्री जाईल, मग ती त्या बाईला शोधत बसेल आणि मी समोर असेन."

"आणि तुझ्या हट्टापायी कुणीच कळली न्हाई तर?"

सासूबाई मध्ये पडल्या. वाढदिवसापर्यंत केतकीला तिच्या मनासारखं करू दे, तोवर लाट आली नाही तर तो दुसरा आवाज बसवायचा. मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

मग मी जी बोलत सुटले ती थांबलेच नाही. पाजताना, न्हाऊ घालताना, भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत. लोक वळून बघत, बघोत. मागांना सुट्टी असेल त्या दिवशी मी तिला गच्चीवर नेई आणि वाळत घातलेल्या सुताच्या लडींमधून फिरवत बोलत राही. ती आता दचकत नव्हती, पण माझा आवाज आला की तिची नजर कशी होई ते मी ओळखून होते. सभ्य माणूस परक्याचं ऐकून घेतो तशी ती ऐकून घेई. उलट आजीनं जिन्यातून साद घातली की पोरीच्या अंगात वारं भरे. अकराव्या महिन्यात ती आजीकडं बघून "जी!" म्हणाली आणि सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. मग "बा" आला. धैर्यशील दिवसभर शेडमध्ये कामगारांना सांगत सुटला.

"आई म्हण," वन्सं आल्या की तिच्या मागं लागत. "म्हण की गं, आ-ई." नीरजा त्यांच्याकडं बघून हसे, माझ्याकडं बघे, ओठ हलवी. मग वन्सं माझ्याकडं बघून मान हलवत, काही आवाज नाही म्हणून. त्या मुद्दाम करत नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसे.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात कुंची झाली. मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला, त्यांनी तो कधीच लपवला नाही. माझ्या आवाजाला लाट होती. लहान, व्यवस्थित, स्वच्छ. आणि ती माणसाच्या आवाजाला येते तशी होती, आपल्या माणसाच्या नव्हे.

"म्हणजे माणूस आहे एवढं तरी कळलं तिला," मी म्हणाले. मॅडमना हसू आलं नाही, त्यांनी माझा हात धरून ठेवला.

रिक्षात धैर्यशीलनं कंपनीला मेसेज केला, आणि तो मला दाखवूनच केला. दोन दिवसांनी दुपारी त्यांचा माणूस येऊन छत्रीत नवा आवाज बसवून जाणार होता. मी मान डोलावली. कबूल केलं होतं.

तो दिवस उजाडला. सकाळी मी खोलीत बसून नीरजाला मांडीवर घेऊन तेल लावत होते. एक हात तिच्या छातीवर होता. दारातून सासूबाई ताक घेऊन गेल्या. नीरजा वळली, तोंड उघडलं, आणि माझ्या तळव्याखाली तिची छाती घणघणली. "जी!" तिच्या ओठांवरही मी ते वाचलं. बधिरांच्या शाळेत आम्हाला आवाज असाच शिकवत, छातीवर आणि गळ्यावर हात ठेवून; तेव्हा आवाज आहे की नाही यात माझा तळवा फसत नाही.

सासूबाई गेल्या. नीरजा माझ्याकडं वळली. माझ्या डोळ्यांत बघून तिनं तोंड मोठं उघडलं, मग ओठ दोन्हीकडं ताणले.

आई.

तळव्याखाली काहीच नव्हतं. श्वास तेवढा वरखाली होत होता.

मी हात तसाच दाबून धरला. तिनं पुन्हा केलं. तोंड उघडलं, ओठ ताणले. आई. मी काही करत नाही हे बघून तिनं माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्या तोंडासमोर नीट आणलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, माझ्याशी बोलताना मुजावर मॅडम काढतात तसे ओठ मोठे करून. छाती शांत होती.

मला एकदम सगळं दिसलं. नऊ महिने छत्रीखाली एक तोंड तिच्यावर वाकत होतं. ते हसायचं, तासन् तास बोलायचं आणि त्यातून आवाज येत नसे. आजीला आवाज असतो, बाबाला असतो, आईला नसतो. आईशी बोलायचं ते असं. म्हणून आजीशी ती आजीच्या भाषेत बोलत होती आणि माझ्याशी माझ्या. कितीतरी दिवस बोलत असणार. वन्संना ऐकू आलं नाही आणि मी मेली तिचे ओठ वाचायच्या ऐवजी वन्संचे ओठ वाचत बसले होते. कुंचीनं तिला माझा आवाज ऐकवला, तो तिला परक्याचा वाटला तर काय नवल? पहिले नऊ महिने तिची आई तशी बोललीच नव्हती.

मी मोबाइल उचलला आणि कंपनीच्या माणसाला कळवून टाकलं, येऊ नका. धैर्यशीलला काय सांगायचं ते जेवताना बघता येणार होतं. मग मी तिला समोर बसवलं, श्वास रोखला आणि आवाज न काढता म्हणाले, "काय गं नीरू?"

तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. दोन्ही हात आपटून ती काय काय बोलायला लागली, सगळं बिनआवाजी, निम्म्याहून जास्त निरर्थक, आणि मी तिला सगळ्याची उत्तरं दिली. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेलाच्या हातानं पुसायला गेले तर तेल डोळ्यांत गेलं.

फरशी हलली म्हणून मी वर पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. आळीपाळीनं आम्हा दोघींकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर काळजी होती.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या. "आतनं कसला आवाज न्हाई म्हणून बघाय आलो. दोघी अशा गप का बसलाय?"

"गप कुठं," मी मोठ्यानं म्हणाले. "बोलतोय आम्ही."